तात्यांची वाघर

दर रविवारी सकाळी आठला तात्या नुसतं बनियन घालून बसायचे आणि उजवा हात कोपरापर्यंत समुद्रात घालायचे. समुद्र म्हणजे वडूजच्या त्यांच्या घरातली सहा फुटी काचेची टाकी. आमच्या गावात प्यायच्या पाण्याची बोंब, आणि हे गृहस्थ पाण्यात मीठ कालवून मासे पाळत होते! शेजारी म्हणून मी कितीतरी वर्षं त्यांना हसण्यात घालवली.

तात्यांचं घराणं मेंढरं राखणारं. फौजेत असताना अंदमानला त्यांनी पाण्याखाली जिवंत पोवळ्यांची बाग पाहिली आणि पेन्शनीत आल्यावर तिचा एक तुकडा घरात आणून बसवला. हातात एक बारीक जाळी असायची. "ही वाघर हाय, गुरुजी," त्यांनी मला सांगितलं. रानात मेंढरं कोंडायला लावतात ते जाळं म्हणजे वाघर. नवा मासा आधी आठवडाभर त्या जाळीत राहायचा, म्हणजे जुने त्याला मारत नसत. मग सोडल्यावरही दर रविवारी सकाळचं खाणं त्याला जाळीत बोलावूनच. "भरवसा ठिवायचा, पर वाघर जवळ ठिवायची," असं तात्यांचं शास्त्र.

सगळ्यात लाडका होता सरदार. निळ्या अंगावर पिवळे पट्टे आणि चालीत पाटीलकी. सांगलीच्या दुकानदारानं घेतानाच बजावलं होतं, "ह्या जातीचा नेम न्हाई, तात्या. एखादा जलमभर शाण्यासारखा ऱ्हातो, एखादा पोवळी कुरतडून खातो."

टाकीतलं मोठं पोवळं होतं तात्यांच्या बायकोचं, सुंदराकाकूंचं. मुठीएवढं आणलेलं त्यांनी सात वर्षं जपून ताटाएवढं केलं होतं. ते सकाळी उघडलं की "माझं फूल उठलं" म्हणत त्या चहा ठेवायच्या. त्यांनी एका अटीवर सरदारला घरात घेतला. "फुलाला तोंड लावलं, की त्याच दिशी भायेर!" तात्यांनी शब्द दिला.

दोन वर्षं सुखात गेली. तात्या दिवसातून चारदा थोडंथोडं खायला घालायचे. "पोट भरलेलं मेंढरू बांध वलांडत न्हाई." मला ते पटतही होतं. पण एका शनिवारी फुलाची कड खरवडलेली निघाली, आतलं पांढरं हाड दिसत होतं.

"रोग पडला आसंल," तात्या पुटपुटले.

"रोगाला दात असत्यात व्हय?" काकू म्हणाल्या. त्या रात्री त्या घरात कुणी नीट जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. खरं सांगायचं तर गंमत बघायलाच गेलो होतो. असा मासा दगडांत दडतो, धरायचा तर टाकीतले सगळे दगड उपसावे लागतात म्हणे. सरदार मात्र नेहमीसारखा ऐटीत आला, आपल्या पायानं म्हणावं तसा वाघरीत शिरला आणि खाऊ लागला. जाळी फक्त वर उचलायची होती. तात्यांना ती उचलवेना.

"दोन वर्सं हितंच बोलवून खायला घातलं, गुरुजी. आता हितंच धरू?" सीमेवर उभ्या राहिलेल्या माणसाचे डोळे भरले होते. माझी गंमत तिथंच संपली. 

काकू पिठाच्या हातानं दारात उभ्या होत्या.  त्या म्हणाल्या, "आवं, तुमी मेंढरं राखणारी माणसं, तुमाला जित्राब कोंडायचंच ठावं. माझ्या माह्यारी कोरेगावला पिकाला कुंपण घालत्यात. ती वाघर फुलाला लावा की!"

तात्यांनी जाळी हळूच कलती केली, सरदार बाहेर पडला. संध्याकाळी ती जाळी कमानीसारखी वाकवून फुलावर बसवली. पाणी आणि उजेड आत जात होता, सरदारचं तोंड जात नव्हतं. काही महिन्यांत कड भरून आली. "बायकूचं ऐकलं की पीक येतं," हे तेव्हापासून तात्यांचं नवं शास्त्र झालं.

गेल्या वर्षी दुपारी जेवून आडवे झाले ते तात्या उठलेच नाहीत. सांगलीचा दुकानदार भेटायला आला, टाकी घेऊन जाऊ का, असं त्यानं भीतभीत विचारलं. काकूंनी नाही म्हणून मान हलवली. आता पाण्यात मीठ मी कालवतो, आणि गावातली पोरं मला हसतात.

तात्या गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारी आठला सरदार सवयीनं, तात्या खायला घालायचे त्या कोपऱ्यात येऊन थांबला. वाघर फुलावर होती. काकूंनी पदर खोचला, मुठीत खाणं घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सरदारसाठी टाकीत हात घातला. सरदार क्षणभर घुटमळला, मग त्यांच्या उघड्या तळहातावर आला.

"ये बाबा," त्या म्हणाल्या. "हितं तुला कोन धरत न्हाई."