पियानो दिसायच्या आधी

कसब्यातल्या त्या गल्लीत बद्रीनाथरावांना कुणी वेळ विचारत नसे. विचारलीच, तर ‘तुमचं घड्याळ काय शोभेला बांधलंय?’ हे उत्तर ठरलेलं. विमा कचेरीतून ते निवृत्त झाले, पण नाकावरचा राग काही निवृत्त झाला नाही. पत्नी द्वारकाबाई होत्या तोवर तो राग घरातच जिरायचा. त्या गेल्या आणि माणसाने बोलणंच टाकलं. दूधवाल्याशी भांडणसुद्धा बंद, म्हणजे बघा.

तेव्हा बालमित्र जब्बारने त्यांना दंडाला धरून आपल्या बाइंडिंगच्या दुकानात आणलं आणि मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर एक जुनाट इंग्रजी मालिका लावून दिली. कृष्णधवल. दर भागात एक अशक्य गुन्हा: आतून कडी लावलेल्या खोलीत प्रेत, नाहीतर बर्फात मुडदा आणि भोवती पावलाचा ठसा नाही. मग लंडनचा टोपीवाला पोलीस येऊन उलगडा करणार. दोघांनी नियमच केला. उलगड्याच्या आधी मालिका थांबवायची, बद्रीनाथरावांनी गुन्हेगार ओळखायचा, आणि बरोबर आला तर जब्बारने चहा पाजायचा.

मालिका संपत आली तरी बद्रीनाथराव एकदाही चुकले नव्हते. जब्बार डिंकाचे हात पुसत मधेच काहीतरी बावळटासारखं विचारायचा, तो माळी डावखुरा आहे का रे, असलं काहीतरी, आणि यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडायचा. मित्राच्या मंद डोक्याची कीव करत ते चहा प्यायचे. गल्लीत पुन्हा ताठ मानेने फिरू लागले. कुणाची चप्पल हरवली तरी लोक त्यांना बोलवायचे, आणि हेही कपाळाला आठ्या घालून तपासाला निघायचे.

त्या गुरुवारी पडद्यावर अजून नुसता जिना दिसत होता. पुठ्ठा कापता कापता जब्बार म्हणाला, ‘त्या पियानोची एक पट्टी दबलेलीच का राहिलीय रे?’

बद्रीनाथराव सवयीने विचारात पडले. मग पडद्यावर जिन्यावरचं दार उघडलं, खोली दिसली, आणि खोलीत पियानो होता.

त्यांनी लॅपटॉप थांबवला. तळपायाची आग मस्तकात गेली होती.

‘पियानो आत्ता दिसला, जब्बार. तू आधी कसा बघितलास?’

जब्बारने कात्री खाली ठेवली. पहिल्या भागापासून प्रत्येक भाग तो घरी शेवटपर्यंत बघून येत होता. तसं त्याने सरळ कबूल केलं.

मग मात्र बद्रीनाथरावांनी दुकान डोक्यावर घेतलं. म्हातारपणी बाहुलं करून नाचवलंस, म्हणाले. सगळ्या गल्लीत मिरवलो मी, म्हणाले. ‘दया मागायला मी काय तुझ्या दारी आलो होतो?’

‘वहिनी गेल्यावर तू तोंड मिटून बसला होतास,’ जब्बार म्हणाला. ‘पहिला खुनी सापडला त्या दिवशी तू माझी अक्कल काढलीस. मला इतकं बरं वाटलं, बद्री.’

बद्रीनाथराव जास्तच भडकले. चपला घालून दुकानाची पायरी उतरले, तिथून परत फिरले.

‘हा गुन्हा मी एकट्याने शोधला. तुझी मदत नव्हती.’

‘नव्हती.’

‘मग चहा सांग.’

चहा आला. तो त्यांनी उभ्यानेच, जब्बारकडे पाठ करून प्यायला. हा एक कप तेवढा त्यांच्या हक्काचा होता. बाकीचे सगळे जब्बारने का पाजले ते आता कळलं होतं, आणि त्याचा राग कुणावर काढायचा हे त्यांना कळत नव्हतं.