कविताताईंचा अर्ज

आज जुना कीबोर्ड पुसताना धुळीचा ओळखीचा वास आला आणि आखाडा बाळापूरची आमची मोफत संगणक खोली आठवली.

तांड्यावरच्या कविताताई अंगणवाडीच्या नोकरीचा अर्ज भरायला आल्या होत्या. शेवटचा दिवस होता. आमच्या संगणकांवर तत्त्व म्हणून फक्त मुक्त सॉफ्टवेअर असायचं, कंपन्यांचं विकतचं नाही, आणि भरतीची वेबसाइट त्यावरून फोटोच घेईना.

"सर, बाजारातल्या नेटच्या दुकानात जाऊन भरू का?" त्यांनी दोनदा विचारलं.

"थांबा, इथंच होईल," मी हट्टानं म्हणालो.

पाचला मुदत संपली. तरी मी फोटो आणखी एकदा चढवून पाहिला.

"जाऊ द्या सर, तुमी बी लई तकलीफ घेतली," म्हणत त्या उठल्या.

तेव्हा मला वेबसाइटचा राग आला होता. आता कळतं, त्यांना मीच अडवून ठेवलं होतं.