आप्पा ‘बघू’ म्हणाले

मी अमेरिकेला निघालो तो बाजारचा दिवस होता. बार्शीच्या बाजारात आप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे ताडपत्रीवर मांडलेली पातेली, तांबे आणि चार-पाच कुकर. बॅग घेऊन मी तिथेच पाया पडायला गेलो. आप्पा एका बाईशी कुकरवरून हुज्जत घालत होते. तिला तशीच उभी ठेवून त्यांनी मला विचारलं, “किती वर्षं?”

“पाच.”

“दोन.”

“आप्पा, दोन वर्षांत काय होतंय? चार तरी.”

“तीन. वर एक दिवस मिळायचा नाही.”

मी तीन मान्य केली. बाई हसली. आप्पांनी तिला कुकरचा भाव मात्र सोडला नाही.

त्याला बारा वर्षं झाली.

आज मी टेक्सासात, फ्रिस्कोत, एका कंपनीच्या खरेदी विभागात आहे. इथे त्याला प्रोक्युरमेंट म्हणतात. आप्पा ताडपत्रीवर बसून जे करायचे तेच मी मीटिंग रूममध्ये करतो. मला कुणी हात दिला नाही, कुणाची ओळख नव्हती. जे मिळवलं ते अडून बसून मिळवलं. डोकं लवकर तापतं, हे कबूल. पण धंद्यातल्या दोन गोष्टी मी आप्पांकडून नीट शिकलो. समोरचा बोलल्याशिवाय आपण आपला आकडा हलवायचा नाही. आणि गिऱ्हाईक घासाघीस करतंय तोवर ते आपलं. ‘बघू’ म्हणालं की ते उठलं असं समजायचं.

उन्हाळ्यात आमच्याकडे झोपाळ्याच्या साखळ्या हाताला चटका देतात. घसरगुंडीवर मूल बसवता येत नाही. म्हणून जुलैत आम्ही बारा-तेरा तास ड्राइव्ह करून कोलोरॅडोतल्या एका दरीत जातो. चहूकडे डोंगर, भर उन्हाळ्यात शिखरांवर बर्फाचे पट्टे, आणि गावाच्या टोकाला ओढ्याकाठी मुलांचं मैदान. झोपाळे आणि लाकडी किल्ला आहेच, पण पोरं तिथे फार वेळ थांबत नाहीत. ती ओढ्यात उतरून दगडांचे बांध घालतात, पडलेल्या झाडावरून तोल सांभाळत पलीकडे जातात, गुळगुळीत झालेल्या एका मोठ्या खडकावरून घसरत येतात. सांगून खोटं वाटेल, पण पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा हे आप्पांना दाखवायला हवं, असं वाटलं. आयुष्यात त्यांनी सहलीला म्हणून दुकान एक दिवस बंद ठेवलेलं मला आठवत नाही.

तिथे राहायला घेतो त्या लाकडी केबिनच्या भाड्यात मी दरवर्षी घासाघीस करतो. बायको, मनीषा, कपाळाला हात लावते. “अरे, इथे भाव करत नाहीत.” करतात. विचारलं की करतात. माझी नऊ वर्षांची ईरा “बाबा, प्लीज, नॉट अगेन” म्हणत गाडीत जाऊन बसते. आणि तीच पोरगी निघायची वेळ झाली की ओढ्यातून ओरडते, “टेन मोअर मिनिट्स!”

“तीन.”

“सेव्हन!”

“पाच, आणि एकदाच घसरगुंडी.”

“डील!”

रक्त कुठलं आहे ते कळतं.

आता तिकडच्यांना न कळणारी आणि इकडच्यांना सांगावी न लागणारी गोष्ट. भारतात गेलं की परत येण्यासाठी पासपोर्टवर व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागतो. तो अडकला, तर नोकरी, घर, पोरीची शाळा, सगळं इथे आणि आपण तिथे. ओळखीतली माणसं महिनोन्‌महिने अशी अडकलेली मी पाहिली आहेत. पाच वर्षं मी गेलो नाही. दर रविवारी आप्पा फोनवर म्हणायचे, “दिवाळीला ये.” मी म्हणायचो, “मेमध्ये बघतो.” “मग गुढीपाडव्याला तरी. आठ दिवस.” मी पुढे ढकलायचो, ते अलीकडे ओढायचे. मला राग यायचा, आणि खरं सांगायचं तर बरंही वाटायचं.

गेल्या जुलैत मी घरच्या ग्रुपवर फोटो टाकला. ईरा त्या खडकावर, दोन्ही हात वर, मागे बर्फ. दोन मिनिटांत दादाचा मेसेज आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो आप्पांजवळ राहतो.

“सुट्टी मिळाली वाटतं.”

एवढंच. मी ग्रुप सोडला. तेव्हापासून दादाशी बोललो नाही आणि ते मी विसरणारही नाही. दरीत जायला व्हिसा लागत नाही, हे त्याला कोण सांगणार? पण राग येण्याचं खरं कारण वेगळं होतं. तो फोटो त्याने आप्पांना दाखवला असणार.

त्या दिवाळीला मीच म्हणालो, “आप्पा, पुढच्या वर्षी नक्की.”

आप्पा म्हणाले, “बघू.”

त्यानंतर ते कधी ‘ये’ म्हणाले नाहीत. पाऊसपाणी विचारतात, ईराची शाळा विचारतात, फोन ठेवतात. मागे राहिलेल्यांनो, तुम्ही भांडता तोवर आम्ही निर्धास्त असतो. मला विचाराल तर घर म्हणजे आपल्या एकेका दिवसासाठी तिकडे कुणीतरी अडून बसलेलं असणं. बाकी भिंती मी इथेही घेतल्या आहेत.

या जुलैत त्याच मैदानातल्या बाकावर बसून मी फोन लावला. इथे सकाळ होती, तिथे त्यांचं जेवण झालेलं.

“आप्पा, डिसेंबरात येतोय. शिक्क्याचं काय व्हायचं ते होऊ दे. आठ दिवस.”

आणि थांबलो. आता म्हणतील, आठ दिवसांत काय होतंय, महिना काढून ये.

“बरं,” आप्पा म्हणाले.

“पंधरा दिवस.”

पलीकडे टीव्ही चालू होता.

“तीन आठवडे, आप्पा.”

समोरचा गप्प असताना मी आकडा चढवत होतो. ऑफिसात कुणी असं केलं असतं तर मी त्याला फाडून खाल्लं असतं.

“पाण्याचा आवाज येतोय,” आप्पा म्हणाले. “पोरगी पाण्यात आहे काय?”

“ओढा आहे. घोट्याइतकं पाणी.”

“दगड निसरडे असतात. काढ तिला बाहेर.”

मी ईराला हाताने खूण केली. ती ओरडली, “टेन मोअर मिनिट्स!”

“महिना,” मी फोनमध्ये म्हणालो. “पुरता महिना, आप्पा.”

“बघू,” ते म्हणाले.

ओढ्यात ईरा माझा आकडा ऐकायला थांबली होती.