न पाहता सक्षम

शस्त्रक्रिया विभागात तिला सगळे 'टाकेवाली' म्हणत. शिकाऊ सर्जन म्हणून दोन वर्षे तिच्या वाट्याला आले ते कातडीवरचे शेवटचे टाके. बाकी सारे वरिष्ठांचे. आईला मात्र ती फोनवर 'ऑपरेशनं करते' एवढेच सांगे. नव्या अभ्यासक्रमाचे आश्वासन होते की, वर्षे भरली म्हणून नव्हे, तर शिक्षकाने डोळ्यांदेखत पारखून 'सक्षम' ठरवल्यावरच विद्यार्थी पुढे जाईल. तिने त्यावर भाबडेपणाने विश्वास ठेवला. विभागप्रमुख मात्र महिनाअखेरीस चहा घेता घेता सगळ्यांच्या नावापुढे एका दमात 'सक्षम' लिहून मोकळे होत.

त्या सकाळी हात धुण्याच्या नळापाशी ते म्हणाले, "हर्निया तू कर. मी बाहेर बसतो. सक्षम आहेस ना?"

"नाही, सर. तुम्ही मला एकदाही करताना पाहिलेलं नाही."

तिच्या बरोबरीचा सहकारी पुटपुटला, "गप बस ना बाई! सगळ्यांना गोत्यात आणशील."

"म्हणजे मी खोटं लिहिलं?" सरांचा आवाज चढला.

"न बघता लिहिलंत, सर."

या एका वाक्यापायी वर्ष हातचे जाईल, हे तिला कळत होते. पण आत रुग्णाला भूल दिलेली होती, आणि अडले तर सावरायला शेजारी कोणी वरिष्ठ नसणार होता.

"चल, बघतोच तुझा तोरा."

ते टेबलापलीकडे उभे राहिले. "चीर देतेयस की गुदगुल्या करतेयस?" मास्कआड सिस्टर फिसकन हसल्या. हर्नियाची पिशवी सोडवताना तिची कात्री एका पांढुरक्या, दोरीसारख्या नळीवर टेकली, तोच सरांनी तिचे मनगट पकडले. "अगं, ती शुक्रवाहिनी आहे! हो बाजूला."

संध्याकाळी तिच्या नावापुढे 'सक्षम नाही' असा शेरा पडला. फक्त तिच्या नावापुढे.

"मिळालं समाधान?" सहकाऱ्याने विचारले.

"सर बाहेर असते तर त्या माणसाचं काय झालं असतं?"

"नव्हते ना पण! आता बस वर्षभर."

दुसऱ्या दिवशी 'सक्षम' सहकाऱ्यावर हर्निया सोपवून सर बाहेर जाऊन बसले. जखम फाकवून धरायला तिला उभे केले. त्याने झोकात चीर दिली. पिशवीपाशी येताच कात्री थबकली. त्याने तिच्याकडे पाहिले नाही, दाराकडे पाहिले. दार बंद होते.

"कात्री ठेव," ती म्हणाली, "आणि सिस्टर, सरांना बोलवा."