तोंडावरचं फडकं

पिंपरीला औषधाच्या कारखान्यात बाटल्या भरायच्या खात्यात मी लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी आम्हां बायकांना पांढरी टोपी आणि तोंडाला बांधायला फडकं मिळालं. औषधावर कुणाचा श्वास पडू नये म्हणून. बोलायचीही बंदी. माझ्यासारख्या वटवट करणारीला ही शिक्षाच होती. मग मी फडक्याआड गुणगुणायला लागले. समोर बसणारी कोकणातली मैत्रीण डोळ्यांनीच 'मोठ्यानं' म्हणायची.

मोठ्यानं गायची सोय नव्हती. माझ्या मुलाला सांभाळायला चाकणकडच्या गावाहून आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, येऊन राहिल्या होत्या. त्या होत्या म्हणून माझी नोकरी होती. आल्या त्याच दिवशी त्यांनी बजावलं, "नोकरी कर, मी न्हाई म्हनत न्हाई. पन चार मानसांत मिरवायला लागलीस, की मी चालले गावाला." बोलतील तसं करणाऱ्या होत्या त्या. आणि मला नोकरी हवी होती. पगारापेक्षाही त्या खात्यातल्या बायकांसाठी हवी होती. तेव्हा हे कुणाला सांगितलं असतं तर हसले असते.

कारखान्यासमोर चहाचं हॉटेल होतं. दारूबंदीचे दिवस, माणसांची बैठक जमायची ती चहावरच. मालक गाण्याचा वेडा. महिन्यातून एका शनिवारी संध्याकाळी तो भाड्यानं लाउडस्पीकर आणायचा, दोन बाकडी जोडायचा, आणि ज्याला जे येईल त्यानं ते करावं. बाकड्यावर चढून नाव-गाव सांगायचं, की सुरू. कुणी पोवाडा म्हणे, कुणी भजन. एका फिटरनं नुसते कोंबड्याचे निरनिराळे आवाज काढले आणि सगळ्यांत जास्त टाळ्या घेतल्या. बाई मात्र कधी चढली नव्हती. आम्ही बाजूला उभ्या राहून ऐकायचो आणि गाणाऱ्यांना नावं ठेवायचो.

एकदा नावं ठेवण्यात मी फारच पुढे गेले. मैत्रीण म्हणाली, एवढं कळतं तर तूच चढ की. मला राग पटकन येतो, अजूनही येतो. पुढच्या खेपेला घरी सांगितलं, आज ओव्हरटाइम आहे. फडकं कनवटीला खोचून कारखान्याबाहेर आणलं, तोंडाला बांधलं, पदर कपाळापर्यंत ओढला आणि चढले. मालकानं नाव-गाव विचारलं. "बाटल्यांचं खातं," मी म्हटलं. लोक हसले, पण चांगलं हसले.

महिनाभर एक गवळण घोटून ठेवली होती. माइकसमोर तिचा एक शब्द आठवेना. मग तोंडातून आपोआप निघालं ते मुलाला रोज निजवताना म्हणायचे ते, माझ्या आईकडून आलेलं गाणं. पहिलं कडवं घाबरत म्हटलं, दुसऱ्यापासून घाबरायचं विसरले. आपलाच आवाज एवढा मोठा होऊन परत येताना ऐकला आणि मला तो आवडला. खोटं कशाला बोलू, फार आवडला.

खाली उतरले तेव्हा मैत्रिणीनं माझा हात धरला आणि वर बोट केलं. हॉटेलच्या पत्र्यावर दोन कर्णे होते. एक रस्त्याकडे, दुसरा आमच्या राहत्या खोल्यांकडे तोंड करून. तोंड तेवढं मी झाकलं होतं. आवाज घरापर्यंत जाईल हे डोक्यातच आलं नव्हतं.

घराकडे पाय उचलेना. आत्याबाईंचं गाठोडं बांधून झालेलं डोळ्यांपुढे दिसत होतं. दारात त्या मांडी घालून बसल्या होत्या आणि मुलगा मांडीवर गाढ झोपला होता. माझ्याशिवाय तो कधी झोपत नसे. मी येईपर्यंत रडून घर डोक्यावर घ्यायचा.

मी आत गेले, चूल पेटवली, पीठ मळायला घेतलं. बऱ्याच वेळानं दारातून आवाज आला.

"पोरगं गानं ऐकता ऐकताच निजलं. कोन बाई व्हती कुनास ठावं. तुज्याच खात्यातली म्हनं."

माझे हात पिठातच थांबले.

"तिला सांग, पुढल्या येळंला तोंडावरचं फडकं काढून म्हन. शब्द कळत न्हाईत."

"सांगते," मी म्हटलं. रडू आलं म्हणून पदर शोधायला हात गळ्याशी गेला, आणि हाताला फडकं लागलं. सगळ्या वाटेनं मी ते गळ्यात तसंच घालून आले होते.