दोन सूत

माझ्या नवऱ्याला आमच्या घरातली बावीस इंच जागा हवी होती. बाहेरच्या खोलीत, त्याचं लोखंडी कपाट आणि भिंत यांच्या मधली. तिथं त्याला व्हिडिओ गेमचं उभं मशीन बसवायचं होतं. तो शाळेत असताना सराफ्याजवळच्या एका गल्लीत होतं तसं, दांडा आणि बटणं असलेलं, पण आमच्या दोन खोल्यांत मावेल इतकं बारकं. मी म्हणाले होते, "बावीस इंच तुझे, बाकीचं घर माझं." त्यानं लगेच माझ्या गणिताच्या वहीतला आलेखाचा कागद फाडून नकाशा काढला. मग दांडा आला, आठ बटणं आली, वायरी आल्या, पत्त्यांच्या जोडाएवढा छोटा कॉम्प्युटर आला, कुठल्याशा ऑफिसनं काढून टाकलेला पडदा आला. सगळं दिवाणाखाली गेलं. प्लायवूड आणायचं तेवढं राहिलं आणि फेब्रुवारीत तो गेला. सकाळी चहा पिताना छातीत दुखतं म्हणाला, दुपारी नव्हता.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेच्या पेपरांचा गठ्ठा तपासायला घेतला. बेरजा सगळ्या बरोबर आल्या. बायका म्हणाल्या, खंबीर आहे. त्या शब्दाची मला चीड यायची, पण तीही वरवरची. दात काढताना सुई दिल्यावर आपण गालाला हात लावून बघतो ना, तसं होतं. गाल आहे हे कळतं, आपला वाटत नाही.

घरात उरलो मी आणि माझे सासरे. बाबा इथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेले. ओतकामासाठी ते लाकडी नमुने करायचे. नमुना वाळूत दाबून काढून घ्यायचा आणि मागे जो खळगा राहतो त्यात वितळलेलं लोखंड ओतायचं. त्यांच्या हातचा नमुना कधी परत आला नाही, हे ते स्वतः सांगायचे नाहीत, बाकी सगळे सांगायचे.

तेराव्यालाच नणंदेनं ठरवून टाकलं होतं. "वर्षश्राद्ध झालं की बाबांना मी नागपूरला नेते. तुझ्यावर किती भार टाकायचा?" तिनं एक नवी बॅगही आणून दिली. बाबांनी त्याच संध्याकाळी आपले कपडे त्या बॅगेत भरले आणि पुढचे दहा महिने त्या बॅगेतूनच काढून घालत राहिले.

मला ते जायला नको होते. त्या बधिरपणात मला एवढी एकच गोष्ट स्वच्छ कळत होती. पण पोटची लेक बोलावते आहे, तिथं सुनेनं थांबा म्हणायचं कोणत्या तोंडानं? आणि जिला कशाचंच काही वाटत नाही, तिनं तर मुळीच नाही. बाबाही मिठाची गुळणी धरून बसलेले. आम्ही दोघं एकमेकांना भाजी आणि औषधाची वेळ एवढंच विचारायचो.

डिसेंबरात एका रविवारी त्यांनी दिवाणाखालचे खोके बाहेर ओढले. आलेखाचा कागद बराच वेळ उन्हात धरून पाहिला.

"पोट्ट्यानं नकाशा बरा काढला," ते म्हणाले. "मी जायच्या पहिले हे करून टाकतो. तुले नको वाटत असन तर सांग."

"करा," मी म्हणाले. मला नकोही वाटलं नाही आणि हवंही.

त्यांनी टेपनं जागा मोजली, बावीस इंच पुरते. मग ट्रंकेतून फडक्यात गुंडाळलेली आपली पोलादी पट्टी काढली. कारखान्यात आयुष्यभर तीच त्यांच्या हातात होती. प्लायवूडच्या दुकानात त्यांनी कुणाला रेघ मारू दिली नाही. दुकानदार म्हणाला, "अंकल, मंदिर बनवा रहे हैं क्या?" बाबा म्हणाले, "हाँ, वैसा ही कुछ." आणि त्याच पट्टीनं स्वतः खुणा केल्या. दुकानातल्या माणसानं त्या रेघांवरून कापून दिलं.

पुढचे तीन आठवडे आमची गॅलरी भुश्शानं भरलेली असायची. मी शाळेतून आले की हात धुऊन वायरी जोडायला बसायची. नकाशात नवऱ्यानं प्रत्येक बटणाला नंबर दिले होते, त्यामुळे डोकं लावायची गरज नव्हती, आणि मला तेच बरं वाटायचं. बाबा पॉलिश पेपर घासत बसायचे. एखादी कड चार-चार वेळा घासायचे.

"बाबा, काहून एवढं करून राहिले? ती बाजू भिंतीकडे जाणार. कोण बघणार आहे?"

"भिंत पाहीन ना," ते म्हणाले.

सगळं जोडून झाल्यावर गॅलरीतच चालवून पाहिलं. पडद्यावर एक विमान आलं, वरून गोळ्या पडायला लागल्या. बाबांनी दांडा धरला आणि क्षणात विमान फुटलं. ते पुन्हा आलं, पुन्हा फुटलं, तिसऱ्यांदा आलं.

"अच्छा, तीन जीव देते? एवढे काहून?"

"गेमचा नियम आहे, बाबा."

त्यांनी मान हलवली आणि बटण बंद केलं.

मग आम्ही दोघांनी मशीन उचलून आत आणलं. जागेपुढे ठेवलं, ढकललं. गेलं नाही. बाबांनी कोन बदलून पाहिला, खालून पाहिलं, गुडघा लावला. कपाट आणि भिंत यांच्या तोंडाशी ते तसंच अडून राहिलं. त्यांनी टेप लावला. मशीन बावीस इंच आणि जवळजवळ दोन सूत भरलं. दोन सूत म्हणजे पाव इंच, करंगळीही मावायची नाही एवढं.

 त्यांनी माझी शाळेची फूटपट्टी मागून घेतली आणि आपल्या पोलादी पट्टीला लावून जमिनीवर ठेवली. एका टोकाला दोन्ही पट्ट्या जुळल्या होत्या. दुसऱ्या टोकाला, बारा इंचांवर, त्यांची पट्टी एक सूत पुढे होती. मला वाटलं, झिजली असेल. पण झिजलेली पट्टी कमी होते, जास्त नाही.

"ओतकामाची आहे," ते म्हणाले. "लोखंड थंड झालं की आकसते. म्हणून नमुना आधीच मोठा करा लागते. या पट्टीवरचा इंचच मोठा असते. फुटाला एक सूत." मग म्हणाले, "लाकूड कुठं आकसते? मले समजाले पाहिजे होतं."

आणि ते जमिनीवर बसून रडायला लागले. ग्वारीघाटावर चितेपाशी रडले नव्हते, तेराव्याला नाही, दहा महिन्यांत कधीच नाही. दोन सुतांसाठी रडले. मी शेजारी उभी होते. काय करायचं ते मला सुचेना, म्हणून मी पाणी आणलं.

पाणी पिऊन ते म्हणाले, "सगळं खोलतो. पुन्हा कापतो."

"कपाट सरकवू," मी म्हणाले. "खिडकीकडे चार बोटं जागा आहे."

दोघांनी जोर लावला. भरलेलं लोखंडी कपाट हललंसुद्धा नाही. ते रिकामं करावं लागणार होतं. त्याची किल्ली माझ्या जुडग्यात होती आणि तो गेला त्या दिवसापासून मी ती लावली नव्हती. बाबांना ते माहीत होतं. ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मी कपाट उघडलं. दहा महिने ज्याला घाबरले होते, त्यातून डांबराच्या गोळ्यांचा वास आला, बस्. शर्ट, दोन स्वेटर, बँकेची फाइल, कसल्या कसल्या वायरींची भेंडोळी. सगळं उचलून दिवाणावर रचलं. मग कपाट करकरत सरकलं. फरशीवर गंजाचे चार गोल उमटलेले दिसले. मशीन अलगद आत गेलं. बाबांनी फटीवरून नख फिरवलं.

"बसलं," ते म्हणाले. "चलो, आता त्याचे कपडे ठेवून दे वापस."

मी दिवाणावरच्या शर्टांकडे पाहिलं. ते चादरीत बांधले आणि गाठ मारली. कुणाला तरी होतील. मग कोपऱ्यातली बाबांची बॅग ओढली, तिची चेन उघडली आणि त्यांचे पायजमे, बंड्या, पांढरे सदरे एकेक करून कपाटाच्या मधल्या फळीवर लावायला लागले. सदऱ्यांचं सुती कापड बोटांना खरखरीत लागत होतं, आणि ते मला जाणवत होतं.

"काय करून राहिली बेटा?"

"जागा आहे, बाबा."

 बॅग रिकामी झाली.

"अन् नागपूरले काय सांगू?"

"सांगा, माप चुकलं."

ते हसले नाहीत. पोलादी पट्टी त्यांनी जमिनीवरून उचलली, फडक्यानं पुसली, त्याच फडक्यात गुंडाळली.  मग पुढे आले आणि ती आपल्या सदऱ्यांवर ठेवली.