कीबोर्डला हात लावायचा नाही

लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात शिरल्या शिरल्या टायपिंगच्या काकूंनी अट घातली. आत काय काढायचं-घालायचं ते खुशाल कर, पण कीबोर्डला हात लावायचा नाही. लॅपटॉप अजून पिशवीतून बाहेर यायचा होता, अट आधी आली. दुकानदार बिचारा मान डोलावून मोकळा झाला. त्याला सगळा बाजार चिमटा म्हणायचा, कारण त्याच्या हातात कायम एक बारीक चिमटा असायचा आणि बोलतानाही तो त्याच चिमट्याने हवेत खुणा करायचा. तऱ्हेवाईक गिऱ्हाइकं त्याने कमी पाहिली नव्हती.

लॅपटॉप मात्र बघण्यासारखा होता. चांगला जाडजूड, मांडीवर घेतला तर पायाला मुंग्या येतील असा. बिजागरी सैल झालेली, त्यामुळे पडद्यामागे पाठीला टेकू म्हणून जाड पुस्तक ठेवावं लागायचं. बऱ्याच कळांवरची अक्षरं घासून पार पुसली गेली होती, आणि काही कळांवर लाल नेलपॉलिशचे ठिपके दिलेले होते. काकूंची लेक शेजारी उभी होती. गेलं वर्षभर ती आईच्या मागे लागली होती की हा डबा टाकून दे आणि नवा घे. काकू दाद देतील तर शपथ. शेवटी लेकीनेच माघार घेतली आणि मधला रस्ता काढला: लॅपटॉप जुनाच राहू दे, निदान आतली डिस्क तरी बदलू. जुनी फिरती डिस्क काढायची आणि तिच्या जागी नवी, न फिरणारी, चपळ एसएसडी बसवायची.

चिमट्याने लॅपटॉप उलटा केला, खालचा स्टिकर वाचला आणि सांगून टाकलं की याच कंपनीची डिस्क आता शोधूनही मिळायची नाही, दुसऱ्या कंपनीची बसवावी लागेल. लेकीने चटकन आईकडे बघितलं. तिला वाटलं, झालं, आता आई लॅपटॉप उचलून घरी निघणार. पण काकू हसल्या. दुसऱ्या कंपनीचे पार्ट बसवण्यातच तर त्यांच्या नवऱ्याचा जन्म गेला होता.

काका टाइपरायटर दुरुस्त करायचे. तेव्हा काकू एका मोठ्या कचेरीच्या बाहेर, भिंतीला लागून टेबल टाकून टायपिंगला बसायच्या. अर्ज, करार, प्रतिज्ञापत्रं, जे येईल ते. त्यांचा हात इतका जलद की शेजारचे टायपिस्ट मान वळवून बघायचे. आणि काका? काका म्हणजे शांतीचा डोंगर. कुणी काही विचारलं की आधी हातातला स्क्रू पिळून पूर्ण करणार, मग चष्मा पुसणार, मग उत्तर देणार. माणूस ऐकतोय की नाही, अशी शंका यायची. एका कंपनीच्या मशीनला दुसऱ्या कंपनीची स्प्रिंग बसवली म्हणून कुणी कुरकुर केली, तर ते सावकाश म्हणायचे की मशीनला कुठे वाचता येतं, स्प्रिंगवर नाव कुणाचं आहे ते.

काकूंचं मशीन ते वरचेवर दुरुस्त करायला यायचे. आले की दुपार खायचे. एकदा काकूंचा संयम सुटला. कामं खोळंबली होती, गिऱ्हाईक डोक्यावर उभं होतं. त्यांनी विचारलं, ह्या मशीनला झालंय तरी काय? काकांनी कळांचे दांडे पुसले, झाकण बसवलं, एकेक स्क्रू आवळला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, “मशीनला काही झालेलं नाही.”

तिथेच लग्न ठरलं म्हणा ना. पुढे काकू हा किस्सा सांगायच्या तेव्हा काका शेजारी बसून नुसते हसायचे, आणि ते हसूसुद्धा गोष्ट संपल्यावर जरा उशिराच यायचं.

मग टाइपरायटर गेले. कोपऱ्याकोपऱ्यावर कॉम्प्युटर आले आणि काकांच्या हाताला काम उरलं नाही. घरात लॅपटॉप आला तो काकूंच्या पोटापाण्यासाठी, पण त्याच्याशी जमवून घेतलं ते काकांनीच. काकू त्याला नुसत्या बडवायच्या. अनेक वर्षं लोखंडी कळा ठोकलेल्या बोटांना हळू दाबायची सवय कुठून असणार? अक्षरं पुसायला लागली तेव्हा काकांनीच लेकीची नेलपॉलिशची बाटली ढापली आणि कळांवर ठिपके दिले. त्यावरून घरात लेकीने महाभारत केलं होतं.

काकूंच्या बोटांची पेरं सुजायला लागली तशी काकांना चैन पडेना. ते कुठूनतरी शिकून आले की या मशीनला थोडक्यात बोललेलं समजायला शिकवता येतं. दोन अक्षरं मारून स्पेस दाबायचा, की मशीन पूर्ण वाक्य लिहून देतं. ‘मम’ मारलं की ‘माननीय महोदय, सविनय विनंती करण्यात येते की’. ‘सस’ मारलं की ‘सदर बाब आपल्या माहितीस्तव सादर’. अशी कितीतरी. काकूंची निम्मी मेहनत वाचली. काका रोज दुपारी खुर्ची ओढून बसायचे आणि मशीनला एखादं नवं वाक्य शिकवायचे. उरलेला वेळ काकूंच्या बोटांकडे बघत बसायचे.

त्यातच त्यांनी चोरून काही आपलीही वाक्यं घुसवली. एके दिवशी काकूंच्या हातून चुकून ‘चच’ पडलं, आणि समोर उमटलं, ‘चहा टाक, मी आलोच.’ काकू आधी दचकल्या आणि मग खो खो हसल्या. हेच वाक्य पुढे एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात ऐन मधल्या पानावर तसंच छापून गेलं. त्या विद्यार्थ्याला पदवीही मिळाली. परीक्षकाने काय वाचलं, ते देव जाणे.

पण सगळ्यात लाडकं होतं ‘टट’. ते मारलं की पडद्यावर यायचं, ‘बस कर आता, बोटं काय भाड्याने आणलीत?’

तोवर लॅपटॉपही म्हातारा झाला होता. स्पेस दाबला की आत घरघर व्हायची, पडदा क्षणभर अडायचा, आणि मग कुठे वाक्य यायचं. काकू म्हणायच्या, अगदी तुमच्या वळणावर गेलाय हो. मग काका गेले. घरघर मात्र तशीच राहिली. दिवसाचं काम आटोपलं की काकू ‘टट’ मारायच्या, थांबायच्या, वाक्य आलं की वाचायच्या, पुसायच्या आणि झाकण मिटायच्या. हे लेकीला ठाऊक नव्हतं. काकूंनी ते कधी कुणाला सांगितलंच नव्हतं. सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय, असं त्यांना वाटायचं.

म्हणून कीबोर्डसाठी एवढा आटापिटा. आणि इथेच घोळ झाला. टाइपरायटरवर वाढलेल्या बाईच्या मनात पक्कं बसलेलं असतं की अक्षर कळेत असतं. कळ दाबली की दांडा उचलतो आणि अक्षर उमटतं. काकांनी वाक्यं शिकवली ती कळांना, ठिपके दिले तेही कळांवर, तेव्हा ती वाक्यं राहणार कुठे? कळांतच. चिमट्याने विचारलं, सगळ्या फाइली नव्या डिस्कवर घेतो, जुनी डिस्क परत हवी का? काकू म्हणाल्या, “ठेव तुलाच. मला ती घेऊन काय करायचंय?”

लॅपटॉप घरी आला तो वासरासारखा उड्या मारत. बटण दाबायचा अवकाश, चालू. लेक कौतुकाने आईच्या तोंडाकडे बघत होती. काकूंचे अर्ज, करार, प्रबंध, सगळं जिथल्या तिथे होतं. काकूही खुशीत होत्या. त्यांनी एक अर्ज लिहायला घेतला, ‘मम’ मारलं आणि स्पेस दाबला.

‘मम’च राहिलं.

त्यांनी पुन्हा मारलं. मग ‘सस’. मग ‘चच’. मग बराच वेळ त्या हात मांडीवर घेऊन बसल्या. शेवटी ‘टट’ मारलं आणि नेहमीसारख्या थांबल्या. पडद्यावर दोन ट उभे होते, बस्स. लेक म्हणत होती की अगं, होईल काहीतरी सेटिंगचं, आणि तिने वळून बघितलं तर आईच्या डोळ्यांना धार लागली होती. वडील गेले तेव्हाही आई अशी रडली नव्हती. मग काकूंनी तिला सगळं सांगितलं, ‘टट’पर्यंत.

लेकीच्या लक्षात आलं की वाक्यं कळांत नव्हतीच, ती जुन्या डिस्कवर होती. नव्या डिस्कवर चिमट्याने सगळं नव्याने घातलं आणि फक्त काकूंच्या फाइली उचलून आणल्या. वाक्यं त्या फाइलींत कुठे होती? आणि जुनी डिस्क तर आईने दान करून टाकली होती. तिने हे सांगितल्यावर काकू ताडकन उठल्या. चप्पल धड पायात न घालताच त्या जिना उतरल्या आणि लेक लॅपटॉप छातीशी धरून मागून धावली.

चिमटा काउंटरवर वाकून काम करत होता. त्याच्यासमोर बारीक स्क्रू काही चकचकीत चुंबकांना चिकटून बसले होते. लेकीचं लक्ष तिकडे गेलं. जुन्या डिस्क फोडून तो त्यातली चुंबकं काढायचा, हे तिने सकाळीच बघितलं होतं. तिने कसंबसं विचारलं की आमची डिस्क यात गेली का. चिमट्याने खालचा खण ओढला, हात घालून एक डिस्क वर काढली आणि उजेडात धरली. झाकणाचे स्क्रू निघालेले होते. फक्त एक शिल्लक होता.

त्याने ओशाळून सांगितलं की फोडायलाच घेतली होती, पण हा शेवटचा स्क्रू काही केल्या सुटेना. डोकं घासलं गेलं, म्हणून वैतागून टाकून दिली खणात. झाकण उघडलेलं नाही, तेव्हा आशा आहे. काकूंनी त्या स्क्रूकडे निरखून बघितलं. “राहू दे तसाच,” त्या म्हणाल्या. “त्याला बरोबर कळलंय, आत काय आहे ते.”

निघालेले स्क्रू परत बसले. जुनी डिस्क एका वायरीने जोडली गेली. आत ओळखीची घरघर सुरू झाली आणि काकूंनी काउंटरची कड गच्च धरली. घरघर मध्येच अडायची, तेव्हा तिघंही श्वास रोखून धरायची. चिमटा एकात एक फोल्डर उघडत चालला होता, अशा कोपऱ्यात शिरला होता की जिथे एरवी कुणी फिरकत नाही. अखेर त्याला एक एवढीशी फाइल सापडली. त्याने ती नव्या डिस्कवर आपल्या जागी नेऊन ठेवली, लॅपटॉप काकूंसमोर सरकवला आणि हातातला चिमटा खाली ठेवला.

काकूंनी ‘ट’ची, दोन ठिपके दिलेली कळ दोनदा दाबली. मग स्पेस. अंगठा वर यायच्या आत वाक्य पडद्यावर हजर होतं: ‘बस कर आता, बोटं काय भाड्याने आणलीत?’

लेकीने ते पहिल्यांदाच वाचलं. तिला तो आवाज ऐकू आला, चष्मा पुसत पुसत बोलणारा, आणि तिने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. काकू मात्र पडद्याकडे एकटक बघत होत्या. त्यांना आनंद झाला होता, अगदी मनापासून झाला होता, तरी काहीतरी चुकत होतं. मग हळूच, दुकानात आणखी कुणी नसल्यासारख्या, त्या म्हणाल्या, “अहो, एवढी घाई कसली?”

अजूनही रोज काम आटोपलं की काकू ‘टट’ मारतात. पण लगेच वर बघत नाहीत. मान खाली घालूनच चष्मा काढतात, दोन्ही काचा रुमालाने सावकाश पुसतात, पुन्हा डोळ्यांवर चढवतात आणि मग पडद्याकडे बघतात. उत्तर द्यायला काका तेवढा वेळ घ्यायचेच.